आत पाऊल

कोत्काच्या बंदरात फेब्रुवारीच्या रात्री
बर्फ कुरकुरत सरकतो
आणि हिल्ला ओळ चारशे बारावर थांबलेली.
प्रिंटएफ.
चौदा वर्षं ती या ओळीवरून
खाली न बघता पुढे गेली होती.
आज 'एन'ऐवजी तिने 'एस' दाबला.

काहीच झालं नाही. डीबगर पुढच्या ओळीवर,
शेजाऱ्याच्या बंद दारावरून जावं तसा.
मग तिने सिम्बॉल उतरवून घेतले,
बारा मिनिटं, एक कप कॉफी,
पुन्हा 'एस'.

आत मॅक्रोच्या पोटात मॅक्रो,
आणि एक कुलूप,
छापणं चालू असताना कुणी मध्ये बोलू नये म्हणून.
एका ओळीमागे एवढं कोण राबतं
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग स्ट्रलेन. इथे सी संपली.
पडद्यावर एका फाइलचा पत्ता, कुणा परक्याच्या मशीनवरचा,
आणि पुढे: अशी फाइल नाही.
उरली नुसती असेंब्ली,
बत्तीस-बत्तीस बाइटांचे घास घेत शून्य शोधणारी.
तिला नाव वाचायचं नसतं. थांबायचं असतं.

नाव होतं पॅइवो कॅर्सॅमॅकी. क्रेन नंबर तीन.
पंधरा अक्षरं, एक शून्य, सोळा बाइटांचा कप्पा;
एन्सिओने निवृत्तीच्या कितीतरी आधी
अंगाबरोबर शिवलेला.
पुढे कुणीतरी यूटीएफ-८ आणलं
आणि टिंबं असलेल्या पाच अक्षरांनी
एकेक बाइट जास्त मागितला.
कप्पा 'म'पाशीच भरला.
शून्य बाहेर राहिलं.

म्हणून स्ट्रलेन चालत राहिली, शेजारच्या कप्प्यात,
जो फक्त पगार विभागाचा.
आठवडाभर गेटवरच्या पाटीवर
पहाटेची पाळी वाचत होती:
पॅइवो कॅर्सॅमकरार समाप्त ३१ मार्च

फिनिश, फिनिश, फिनिश.
तीन मजले वर येऊन ती पुन्हा आपल्या ओळीवर.
चूक लायब्ररीत नसते, एन्सिओ म्हणायचा,
आणि म्हणताना चिडायचा.
तिने कप्पा चौसष्टचा केला. शेवटी शून्य ठेवलं.

खिडकीबाहेर तीन नंबरचा दिवा वर चढत होता.
बदल पाठवायला एक कळ पुरे होती.
तिने हात मागे घेतला
आणि तक्रार पुन्हा उघडली.
पॅइवोनेच नोंदवलेली, एका ओळीची:
माझं नाव पूर्ण लिहा

पुढे पूर्णविराम नव्हता.