फेरफार

तक्रारीत एवढंच होतं: स्कॅन जात नाही.
बेलापूर, सेक्टर पंधरा, दुसरा मजला,
अ‍ॅडव्होकेट टिपणीस, जमीन व वारसहक्काची कामे.
लिफ्ट बंद. खांद्यावर बॅग, बॅगेत स्क्रू-ड्रायव्हर,
जो या कामात सहसा लागतच नाही.

मशीन ठणठणीत. काच पुसलेली.
मी नेहमीसारखा माझाच तळहात ठेवला,
कोऱ्या कागदापेक्षा तो लगेच ओळखू येतो.
बोटांखालून उजेडाची पट्टी सरकत गेली
आणि पडद्यावर उमटलं: पाठवले.

"हेच ना," सानिका म्हणाली, "अकरा दिवस हेच म्हणतंय.
पाठवले, पाठवले. आणि माझ्याकडे शून्य."
बाकावर उलव्याचे धर्मा पोशा म्हात्रे,
मांडीवर प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत साडेबारा टक्क्यांचं अख्खं घराणं.
त्याच कागदांसाठी तिसरी खेप त्यांची.
"मशीन खोटं बोलतं का गो बाय?"

नाही काका.
दिलेल्या पत्त्यावर ते देऊन येतं,
दार कोणी उघडलं ते विचारत नाही.

केबल हलवून पाहिली, दिवा हिरवा.
राउटर नवा, गेल्या महिन्यात बसवलेला.
लॅपटॉपवरून त्या पत्त्याला हाक मारली,
चार हाका, चारही वेळा ओ आली.
म्हणजे तिथं कुणीतरी जागं होतं.
सानिकाच्या कॉम्प्युटरचा शेवटचा आकडा एकतीस.
मशीनच्या वहीत चौदा,
आणि चौदापुढे नाव: घरत मॅडम.

"त्या तर रिटायर झाल्या. शाल दिली, नारळ दिला,
त्यांचं टेबल मला आलं, पीसी नवा घेतला."
आणि त्यांचा जुना?
टिपणीस साहेब चष्म्यावरून बघायला लागले.
"काढला ना तो?"

मॉनिटर काढला होता, हे खरं.

फायलींच्या खोलीत, सातबाऱ्यांच्या गठ्ठ्यांमागे
फरशीवर डबा घुमत होता,
तोंड नसलेला, पंख्यात केसांएवढी धूळ.
"त्यात टॅली आहे, बंद करू नका" असं
कधीतरी कुणीतरी म्हणालं होतं,
म्हणून कुणीच केला नव्हता.

पासवर्डसाठी घरतबाईंना फोन लावला.
मागे कुकरची शिट्टी.
"नातवाचं नाव, पुढे एक दोन तीन," त्या म्हणाल्या,
आणि मग, "माझं काही अडलंय का गं तिथे?"
अडलं नव्हतं. सगळं त्यांच्याकडेच तर जात होतं.

फोल्डर उघडलं. दोनशे सत्तावन्न कागद,
तारीखवार, एकही गाळलेला नाही.
वंशावळी, संमतीपत्रं, निळे अंगठे,
पोशा नाग्या म्हात्रे यांचा मृत्यूचा दाखला,
आणि शेवटी माझा तळहात.

म्हातारा हसला, पिशवी धरून हसला.
"आमच्या बापाचं तसंच. मरून तीस वर्षं झाली,
जमीन अजून त्याच्याच नावावर.
नोटीस येते ती पण त्यालाच.
पोस्टमन विचारतो, आहेत का घरात?"
"फेरफार अडकलाय," टिपणीस म्हणाले, जरा हळूच.
खिडकीतून पारसिकच्या डोंगराची कापलेली बाजू दिसत होती.
तिच्याकडे बघत त्यांनी चहा सांगितला.

मी चौदाचे एकतीस केले.
सानिकाच्या पीसीवर फोल्डर, परवानगी, पासवर्ड,
पत्ता पक्का, उद्या वीज गेली तरी बदलू नये म्हणून.
धर्माकाकांचं शपथपत्र काचेवर ठेवलं.
पाठवले. आणि या वेळी आलं.

मग नावाच्या रकान्यात बोट थांबलं.
सानिका लिहू?
"नको," ती म्हणाली. "घरतच असू दे.
साहेबांना तेवढंच बटण माहीत आहे."

रिपोर्टवर कारण लिहिलं: जुनी नोंद.
सही घेतली, चहा अर्धा टाकला,
पाच वाजता तुर्भ्यात दुसरी तक्रार होती.

उरण फाट्याच्या सिग्नलला आठवलं,
तळहात पुसायचा राहिला.
पोशा म्हात्र्यांच्या दाखल्याच्या खाली,
आज दुपारी दोन वाजून आठ मिनिटं.