प्रमाण : एक चौकोन बरोबर शंभर विड्या

आलेख कागद कन्ना चौकात सुटा मिळतो, दोन रुपयांना.
लावण्या म्याकलने घरातलाच आणला,
पिवळट, भलामोठा, कडेला वाळवी लागलेला.
डावीकडे तिच्या आजोबांचा मोर,
चादरीच्या नक्षीसाठी भरायला घेतलेला,
एक चौकोन म्हणजे एक धागा.
चोच झाली, मान झाली, पिसारा राहिला.
माग तेव्हाच विकला गेला असावा.
पिसाऱ्याच्या जागेत तिने स्तंभ उभे केले.

मी म्हणालो, चालेल. चौकोन तो चौकोनच.

आधी शीर्षक वाचा, मग अक्ष, मग प्रमाण.
उंचीकडे सगळ्यात शेवटी बघा,
कारण डोळे आधी तिकडंच पळतात.
उदाहरण म्हणून भिंतीवरचा शाळेचा निकाल दाखवला :
यंदाचा स्तंभ गेल्या वर्षीच्या तिप्पट.
पोरं टाळ्या वाजवायच्या बेतात,
तेवढ्यात मागून मौलाली नदाफ,
"सर, ह्यात शून्य कुठाय की?"
नव्हतं. आलेख नव्वदपासून सुरू होत होता.
गेल्या वर्षी एक्याण्णव, यंदा त्र्याण्णव,
आणि अक्ष तोडल्याची ती वाकडी खूणसुद्धा
कुणी काढली नव्हती.
(तक्ता मीच रंगवलेला. ते सांगितलं नाही.)

लावण्याचा विषय : आईच्या विड्या, सात दिवस.
सोमवारी नऊशे, मंगळवारी नऊशे,
बुधवारी पाचशे.
बुधवार का बसला, वर्गाला विचारलं.
कुणी म्हणालं ताप, कुणी म्हणालं तंबाखू संपली,
मग चार-पाच पोरी एकदमच,
"पाणी आलं असंल की!"
रविवारी पुन्हा खड्डा. पुन्हा नळ.
कागदावर नळ कुठंच काढलेला नव्हता,
तरी घागरींचा आवाज सगळ्या आठवी ब-ला ऐकू आला.

एकच चूक.
स्तंभांच्या डोक्यांवरून तिने रेघ ओढली होती,
सोमवारपासून थेट रविवारपर्यंत.
मी समजावलं : तापमान सलग असतं.
दुपारी बेचाळीस, दिवेलागणीला सदतीस,
मधलं आपण मोजत नाही, पण ते असतंच,
म्हणून तिथं रेषालेख.
विड्या रोजच्या रोज मोजून कारखान्यात जातात.
सोमवार आणि मंगळवारच्या मधे काही नसतं.
ती रेघ खोड.

तिने खोडरबर घेतलं,
कागदाला टेकवलं नाही.
"मधे रात्र असते, सर.
आई रात्री पानं कापते."

घंटा झाली. पोरं खिचडीकडं धावली.

पुस्तकाप्रमाणे अर्धा गुण जातो.
कागद अजून माझ्या टेबलावर आहे,
घडी घातलेला,
मोराची बाजू वर.