सात नंबरचा खिळा

बालिकासाग बेटाच्या कडेला नांगर पडला
की क्रिसान्तो फळी टांगतो. बारा खिळे, बारा पितळी बिल्ले.
उतरताना ज्याचा त्याने न्यायचा,
वर आल्यावर ज्याचा त्याने अडकवायचा.
दुसऱ्याच्या हातून नाही. सख्ख्या भावाच्याही नाही.

तरी त्या दिवशी कुणीतरी
तरंगत सापडलेला सात नंबर
उपकार म्हणून लावून टाकला.
फळी भरली. वहीत बारा फुल्या.
कप्तानाचा हात किल्लीवर.

"थांब रे," आल्याचा चहा ओतता ओतता
पुरिंग म्हणाली.
ती खिळे मोजत नाही,
चपला मोजते.
टोपलीत एक जोड उरला होता,
निळा. तुटका पट्टा सकाळी
तिनेच तंगुसाने शिवून दिलेला.

मग कुणी बोललं नाही.
बांबूच्या पंखांखाली पाणी चुबुकचुबुक.
क्रिसान्तो टपावर, कपाळावर हात,
बुडबुडे शोधतोय,
ओठांत उसा, दुहा, तुलो,
आणि पुन्हा उसा.

ती आली. पार पलीकडून, भगवा फुगा उंचावत,
कासवामागे गेले म्हणाली, हसत.
कुणी रागावलं नाही.
पुरिंगने चहा दिला
आणि ती चपला पायात सरकवेपर्यंत
तिच्या ओल्या पावलांकडेच
बघत उभी राहिली.