सुकती

दिवाळ्याच्या धक्क्यावर हरेश्वर मोबाईल दाखवतो.
चकती, गोळी. सात वेळा काळा.
"सर, आता लालच येनार.
येवढी सुकती झाली, भरती नको?"

आठवीत मीच नापास केलेला हा पोरगा
तिथीवरून पाणी सांगतो,
अष्टमीचा भांग, अवसेचं उधाण.
बेलापूरच्या खाडीने त्याच्या बापाला
या एका बाबतीत कधी फसवलं नाही.

मासळीच्या खोक्यावर मी खडूने
सदतीस घरं काढतो.
अठरा लाल, अठरा काळी, एक हिरवं.
हिरवं कुणाचं?
"आपलं नाय."
तेच भाडं, बाबा. शंभरामागे
दोन रुपये सत्तर पैसे, आज ना उद्या.

"आनि दुप्पट लावत गेलो तं?
एकदा लागला का सगला वसूल."
शंभर, दोनशे, चारशे…
सात डावांत बारा हजार सातशे गेले,
आठव्याला बारा हजार आठशे हवेत,
हाती उरायला शंभर.
जयवंतीच्या पाटल्या किती डाव पुरतील
ते मी खोक्यावर मांडत नाही.

गोळीला चंद्र नसतो, हरेश्वर.
तिला मागचं काही ओढत नाही.

तो हसतो. समोर चिखल उघडा,
होडी एका कुशीवर कललेली.
अंगठा काचेवर टेकतो.

लाल.

"बगा!" म्हणतो,
आणि खडूचा हात धोतराला पुसताना
मी, बत्तीस वर्षं फळ्यापुढे उभा राहिलेला,
पाणी चढलंय का ते बघतो.