मुंग्या आणि हिम

आयलाने मेजावर कॅसेट ठेवली
तेव्हा तिच्या हातमोज्यावरचा बर्फ खोक्याच्या पुठ्ठ्यात उतरत होता.
"आज नाही," मी म्हटलं. "आधी ऊब धरू दे तिला.
बाहेर उणे एकवीस.
एवढी गार टेप एकदम मशीनमध्ये घातली
तर तिला घाम फुटतो, ती ड्रमला चिकटते."
"बरं, एव्हर्ट," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं थांबलीय, एक रात्र अजून."

लेबलावर पेन्सिलीने: घर. मार्च.
ते घर आता नाही,
हे किरुनात कुणी कुणाला सांगत बसत नाही.
लोखंडाची खाण खालून पोखरत आली,
गाव उठून पूर्वेला जाऊन बसलं.
चर्च तर अख्खं चाकांवर गेलं.
आयलाचं घर चाकांवर चढवण्याएवढं मोलाचं ठरलं नाही.

सकाळी मशीनचं पोट उघडलं.
स्पिरिटात भिजवलेलं मऊ कातडं हेडला टेकवून
हात स्थिर, ड्रम बोटाने फिरवत राहिलो,
काळं निघायचं थांबेपर्यंत.
पिवळी वायर काढली,
तिच्यात रंग आणि उजेड एकमेकांत कालवले जातात;
एस-व्हिडिओ लावली, दोघांना दोन वाटा.
'शार्प'चं बटण शून्यावर.
ते कडा कोरत नाही, कडेला पांढरी रेघ ओढून थाप मारतं.
मधे टाइमबेस करेक्टर:
ओळ मागेपुढे आली की हा तिला समेवर आणून बसवतो.
आणि काहीही दाबायचं नाही.
तासाला तीस जीबी? जाऊ देत.

मग आलं घर.
पायऱ्या, दाराशी दिवा, आणि लांब दांड्याचा झाडू घेतलेला माणूस.
त्याने हात हलवला
आणि हाताला कंगव्याचे दात फुटले:
सम ओळी एका क्षणातल्या, विषम दुसऱ्या.
त्या सोडवून सेकंदाला पन्नास चित्रं केली
तेव्हा कुठे हात हाताचा झाला.

राहिल्या मुंग्या.
चित्रभर वळवळणाऱ्या त्या ठिपक्यांना
आमच्याकडे मुंग्यांचं युद्ध म्हणतात.
मी फिल्टर लावला. जरा जास्तच लावला, खरं तर,
मला दाखवायचं होतं काय जमतं ते.
आभाळ काळंभोर, भिंत लोण्यासारखी.

आयलाने पाहिलं. पुन्हा पाहिलं.
"बाबा झाडतोय काय?"
"पायऱ्या."
"पण कशासाठी?"

मी फिल्टर काढला.
त्या संध्याकाळी हिम पडत होतं.
बारीक, वारा नसलेलं,
एकेका चित्रात चमकून जाणारं,
माझ्या फिल्टरने ते मुंग्यांबरोबर टिपून नेलं होतं.

मग आम्ही एकेक चित्र पुढे सरकवत बसलो.
"हे हिम." "नाही, ही मुंगी."
"हे?" "थांब, मागे घे."
सहा वाजले. माझं दुकान पाचला बंद होतं.
शेवटी तिनेच बोट ठेवलं
बाबाच्या टोपीवर,
तिथे मघापेक्षा थोडं जास्त पांढरं होतं.

"मुंग्या साठत नाहीत," ती म्हणाली.

मी दोन्ही ठेवलं.
बिलात फिल्टरचे पैसे लावले नाहीत,
तिनेही विचारलं नाही.
हार्ड डिस्क हातमोज्यात घालून ती दाराशी गेली,
तिथे उभी राहून बराच वेळ
बूट आपटत राहिली, आत येताना आपटतात तसे.