सुपकान्या

अकरा वर्षं मी मागचे पाय होतो.
मागच्या पायांना काही ऐकू येत नाही,
पुढच्याची पाठ दिसते, पिंजराचा वास येतो,
आणि कुठल्या दाराला किती पायऱ्या, एवढं पाठ होतं.
औंदा भिवबाचा गुडघा धरला
म्हणून डोकं माझ्याकडं आलं.

पौषातली आवस.
शेवटची एस.टी. खालच्या फाट्यावरून गगनबावड्याकडं वळली
की वाडीतले बल्ब बंद.
सुपकान्याला उजेड चालत नाही.
अंग गव्याचं, शेपूट केकताडाच्या वाखाचं,
कान म्हणजे दोन सुपं, बुरडाकडनं दरसाल नवी,
आणि तोंड नाही.
तोंड होतं म्हणतात.
पण त्यानं एका बाईचं ऐकलेलं दुसरीला सांगितलं,
तर डोंगरानं ते तिथंच लिंपून टाकलं वारुळाच्या मातीनं.
तेव्हापासून तो कानानं खातो.
वर्षातनं एकदा उतरतो, उपाशी.

प्रत्येक दारात मूठभर नाचणी सुपात
आणि एक गोष्ट कानात,
कुणालाच न सांगितलेली.
शिळी चालत नाही.

तानुबाई म्हणाली, जावयाचं तोंड बघवत नाही.
पोलीस पाटील म्हणाला, मला अंधाराचं भ्या वाटतं,
आणि घाईनं दार लावलं.
एका पोरानं सांगितलं, मास्तरांची पट्टी मीच मोडली.
गुऱ्हाळावरची हौसा काहीच बोलली नाही,
नुसता श्वास सोडत राहिली सुपात, ऊन ऊन,
बराच वेळ.
मी मान हलवली.
मान हलवायची, एवढंच काम.
"काय म्हणली रं?" सातापा मागनं.
"गप. तुला कान न्हाईत."

मग केरबाचं दार.
थोरला. सहा वर्षं बोलणं नाही.
तारखेला कोल्हापूरला जातो ते एकाच गाडीनं,
तो ड्रायव्हरच्या मागं, मी शेवटच्या बाकावर.
सुपकान्याच्या पाया पडायची रीत आहे.
केरबा वाकला.
त्याचा हात माझ्या उजव्या अंगठ्यावर आला
आणि थांबला.
त्या अंगठ्याला नख नाही.
जळण फोडताना त्याच्याच कुऱ्हाडीनं गेलेलं,
तो नऊ वर्षांचा, मी सहाचा.
मग तो उठला, सुपाशी आला, तंबाखूचा वास.
"बांधाचा दगड मीच सरकीवला," म्हणाला.
"हातभर.
आईचं दिवस चालू हुतं तवा."

मी मान हलवली.
इतकी, की नाचणी सांडली अंगणभर.
सातापाला वाटलं नाचायचं आलं,
तो मागं नाचला, एकटाच.

पहाटे ओढ्यात नेऊन जाळायचं असतं.
सातापा काटक्या गोळा करायला गेला.
मी डोकं दगडावर उतरवलं.
आतल्या कामट्यांवर माझा घाम गार होत होता,
सुपांवर दव धरलेलं.
पहिल्यांदाच मी त्याच्यासमोर उभा होतो.
वाडीत दरसाल एका माणसाला सुपकान्या नसतो,
हे भिवबानं सांगितलं नव्हतं.
बावीस वर्षं डोक्यात होता तो.
त्याचं कुणी ऐकलं असंल?

वाकलो.
"दीड हात," म्हणालो सुपात.
"मी परत सरकीवला तो.
त्याच्याकडं.
दीड हात."

डोकं हललं नाही.
कोण हलवणार.

"काय म्हणलास?"
सातापा, खांद्यावर करवंदीचा भारा.
"तुला कान न्हाईत."
"हायत की," म्हणाला, आणि काडी ओढली.

कान आधी पेटतात.
सुपातली उरलेली नाचणी तडतडत फुटत होती,
आम्ही दोघं हात शेकत होतो,
वर धुक्यात वाडीचे बल्ब
एकेक लागत होते.
केरबाचा
आधीपासनंच चालू होता.