ळ

नेरूळला, चर्चमागच्या खोलीत
शनिवारी चारला मी खडू भिजवून ठेवते.
या तासात प्रार्थना नको, हे आमचं ठरलेलं.
दाराशी तिची आई, चपला न काढता.

शकीबा वही मागून उघडते,
शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढते.
काबूलची सवय. दोनदा मी हात धरला,
मग सोडला. शब्द तोच होतो.

अडतं ते ळपाशी.
पत्ता विचारला तरी नेरूल.
तक्ता फाटलेला, म्हणून कपाटातून
नाताळच्या गव्हाणीचा खोका काढला,
बाळ पुढ्यात ठेवलं.
काय हे?
बाल.
बाळ. जीभ मागे वळव. बाळ.
बाल, म्हणाली, आणि खोक्यात हात घालून
कापसातला देवदूत शोधला.
एकच पंख उरलेला. त्यावर बोट ठेवलं.
बाल!
मग दोन्ही हात पसरून खोलीभर.
दारातून आई काही ओरडली,
बहुधा, पडशील.

फळ्यावर मी दोन्ही शब्द लिहिले,
एकाखाली एक.

घरी जाताना रिक्षात
हळूच ळ म्हणून पाहिला.
जीभ नेमकी कुठे टेकते?
चौतीस वर्षं शिकवला,
कधी पाहिलं नव्हतं.